यंत्राने न ओळखलेला माणूस
मानवी हक्क आणि संगणकीय तंत्रज्ञान : पीएच.डी. संशोधनाच्या वाटा

(विधी, समाजशास्त्र व संगणकशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पीएच.डी.साठी विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न घेऊन विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुधा त्यांच्या हातात एक कागद असतो आणि त्यावर एक भारदस्त शीर्षक असते. 'डिजिटल युगातील मानवी हक्क : एक चिकित्सक अभ्यास' हे त्यांतले नेहमीचे. शीर्षकात तसा काही दोष नाही. परंतु ह्यात माणूस कोठे आहे, असे मी विचारले की समोरचा विद्यार्थी गोंधळतो. त्या माणसाचा शोध कसा घ्यावयाचा, तो कोठे सापडतो आणि त्या शोधासाठी आज विद्यापीठांत कोणत्या सोयी उपलब्ध आहेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रारंभ घरातल्या गोष्टीने करतो. माझ्या एका आत्याने पस्तीस-चाळीस वर्षे विड्या वळल्या. तेंदूची पाने कातरून, तंबाखू भरून, दिवसाला शेकड्यांनी विड्या वळणाऱ्या बोटांची टोके गुळगुळीत होतात. रास्त भाव दुकानांतून बोटांचा ठसा घेणारी यंत्रे आली, त्यानंतरच्या एका महिन्यात मी तिच्याबरोबर धान्य आणावयास गेलो होतो. दुकानदार सज्जन होता. "मावशी, हात पुसा. आता दुसरं बोट लावा," असे तो न कंटाळता सांगत होता. तिने दहाही बोटे लावून पाहिली. यंत्राने तिला ओळखले नाही. रांगेतल्या बायका गप्प होत्या. आत्या मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, मीच आहे ना रे मी?" दुसऱ्या दिवशी गावात रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी शिधापत्रिकेवर नाव असलेला तिचा नातू आला, त्याचा ठसा जुळला आणि धान्य मिळाले.

ह्या प्रसंगात खलनायक कोणी नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासावयास अवघड आहे. समजा, नातू गावात नसता आणि आत्या कंटाळून पुन्हा गेलीच नसती, तर महिन्याच्या अखेरीस तक्त्यात तिच्या नावापुढे काय दिसले असते? 'धान्य उचलले नाही.' ज्याला धान्याची गरज नाही त्याच्या नावापुढेही हेच दिसते. रेंज नसलेल्या दिवशीच्या खेपेची तर कोठेही नोंद होत नाही. यंत्र ज्याला ओळखते त्याची नोंद ठेवते. ज्याला ओळखत नाही तो आणि जो आलाच नाही तो, हे दोघे तक्त्यावर एकाच रकान्यात जाऊन बसतात. त्या दोघांना पुन्हा वेगळे करणे हे काम संगणकाकडून होणार नाही. ते संशोधकाचे काम आहे, आणि पीएच.डी.ची तीन-चार वर्षे त्यासाठी खर्च करावीत इतके ते मोलाचे आहे.

कायद्याची वाट कशी तयार झाली

खाजगीपणाचा विचार आपल्याकडे संगणकाबरोबर आला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, त्याच्या बाराव्या कलमात खाजगी जीवनातील ढवळाढवळीपासून संरक्षण दिलेले आहे. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती. ती बदलून 'सर्व माणसे' असा अर्थ ठेवणारी शब्दयोजना आली, ती भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांच्या आग्रहामुळे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू राहिलेल्या होत्या. एका शब्दाने अर्धी मानवजात बाहेर राहू शकते, हे त्यांनी ओळखले होते. संगणकाच्या अर्जातील एका रकान्याविषयीही हेच म्हणता येईल. त्याकडे मी पुढे येईन.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये आणि नंतर १९६२ च्या खरकसिंग खटल्यात खाजगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले नव्हते. खरकसिंग खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. १९७२ च्या मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या मुंबईच्या प्रकरणात ध्वनिमुद्रित केलेले दूरध्वनीवरील संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले गेले. परंतु निरपराध नागरिकाच्या संभाषणात अन्याय्य हस्तक्षेप झाल्यास न्यायालय त्याला संरक्षण देईल, असेही सांगितले गेले. म्हणजे यंत्र बदलले, टेपरेकॉर्डरच्या जागी आधारचे यंत्र आले. प्रश्नाचा धागा जुनाच आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये केलेल्या याचिकेतून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये आधार कायदा चार विरुद्ध एक अशा मतांनी मुख्यतः वैध ठरला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे त्यातील अल्पमताचे निकालपत्र विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे. ते पटो वा न पटो, प्रबंधाचे दहा विषय त्यात दडलेले आहेत.

अलीकडचा एक निकाल मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंध व्यक्ती आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या व्यक्ती यांच्या याचिकांवर निर्णय दिला. बँकेची ग्राहक-ओळख करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून-उघडून आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागे. ज्यांच्या पापण्याच जळाल्या आहेत त्यांनी ते कसे दाखवावयाचे? न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. निर्देश दिले गेले. आता त्यांचे तालुक्याच्या शाखेत काय झाले, हे कोणीतरी जाऊन पाहावयास हवे. हा एक संपूर्ण प्रबंध आहे.

विषय आपल्या दारात आहेत

परदेशांत ह्या क्षेत्रात पुष्कळ काम झाले आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात लबाडी करणाऱ्यांना शोधण्याच्या नादात शासनयंत्रणेने हजारो निरपराध पालकांवर वसुली लादली. त्या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात संगणकाने सरासरी काढून गरिबांवर खोटी कर्जे दाखविली. त्याची शाही आयोगाने केलेली चौकशी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ही उदाहरणे अवश्य अभ्यासावीत. पण आपल्याकडील अनेक प्रबंधांत युरोपच्या विदा-संरक्षण नियमांवर दोनशे पाने आणि आपल्या जिल्ह्यावर चार पाने असतात, हे मला खटकते.

आधार क्रमांकाचे वाटप सुरू झाले ते नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. जगातील ह्या सर्वांत मोठ्या ओळख-योजनेची पहिली पायरी महाराष्ट्रातील एका आदिवासीबहुल भागात आहे. तेव्हापासून ह्या राज्यातल्या माणसांच्या आयुष्यात जे घडले त्याचा सखोल, मराठी जाणणाऱ्या माणसाने केलेला अभ्यास अजून पुष्कळ व्हावयाचा आहे.

काही दिशा सांगतो. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. एका राज्याची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालावी ह्या योजनेत ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांच्या जोड्यांनी सुरुवात केली, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात ही जोडी होती. योजना चांगली आहे. परंतु कोयता घेऊन फडावर गेलेल्या बाईला तेथील दुकानातून धान्य मिळते काय? घरी राहिलेल्या सासूला तिच्या वाट्याचे मिळते काय? फडावरून दुकानापर्यंत जाण्यासाठी बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी कोणत्या तक्त्यात येते?

दुसरा विषय नावांचा. मघाशी मी रकान्याचा उल्लेख केला, तो ह्याचसाठी. मराठी माणसाचे नाव म्हणजे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. लग्नानंतर बाईची मागची दोन्ही नावे बदलतात. कित्येक घरांत तर पहिले नावही बदलण्याची रीत होती. शाळेच्या दाखल्यावर एक, मतदारयादीत दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे. तलाठ्याला हे कळत असे, कारण तो बाईला ओळखत असे. संगणकाला तीन नावे म्हणजे तीन माणसे. त्यात देवनागरीतून रोमन लिपीत जाताना होणाऱ्या गमती वेगळ्याच. एकाच 'वैशाली'ची तीन-चार स्पेलिंगे मी एकाच फाइलमध्ये पाहिली आहेत. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे, आणि एका पिढीच्या नावांची रचना बदलताना जुन्या व नव्या नोंदी कशा जुळविल्या जातात, हे पाहण्याची संधी संशोधकाला पुन्हा मिळणार नाही. मराठी न जाणणाऱ्या संशोधकाला हा विषय दिसणारच नाही.

तिसरा विषय अधिक जोखमीचा आहे, पण तो टाळू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले. बोटांच्या ठशांचे शास्त्रही ह्याच देशात वाढले. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उघडले गेले. सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणातील वसाहतीत माणसे हजेरी देत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि ह्या जमाती विमुक्त झाल्या. आता २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख अधिनियमाने शरीरमापांच्या नोंदींची व्याप्ती वाढली आहे, आणि आपल्या राज्याने २०२४ मध्ये पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी 'मार्व्हल' ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. गुन्हेगार शोधण्यास त्याचा उपयोग होईलच. प्रश्न असा की, जुन्या नोंदवह्यांतील संशय नव्या यंत्रात भरला गेला तर तो शास्त्रीय निष्कर्ष म्हणून बाहेर पडेल काय? हा प्रश्न पारध्यांच्या किंवा कैकाड्यांच्या घरातून आलेल्या संशोधकाने विचारला, तर त्याला जी धार येईल ती माझ्या प्रश्नाला येणार नाही.

शरीर मोजण्याची गोष्ट निघालीच आहे, तर इरावतीबाई कर्वे यांच्या पीएच.डी.ची आठवण केल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या काळात त्या बर्लिनमध्ये होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे, पुढे नाझी राजवटीला जवळ असलेले शास्त्रज्ञ. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशानुसार बदलते काय, हे इरावतीबाईंनी मोजावयाचे होते, आणि उत्तर काय यावे ह्याची अपेक्षा ठरलेली होती. त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी तसा संबंध आढळत नाही असे लिहिले. परक्या देशात, ह्या मार्गदर्शकाच्या हाताखाली. आज चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांची मोजमापे तपासणाऱ्या संशोधकापुढे वेगळे काम नाही.

साधने आणि सोयी

आता व्यवहाराचे बोलू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. महिलांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना दोन वर्षांची जादा सवलत मिळू शकते. जून २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. त्या परीक्षेत 'मानवी हक्क आणि कर्तव्ये' हा स्वतंत्र विषय आहे, ही गोष्ट विधी शाखेच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या गावीही नसते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये अशी ठरविण्यात आली. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती ह्या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. ह्यांच्या जागा आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून मूळ जाहिरात स्वतः वाचावी. मित्राच्या सांगण्यावर विसंबून मुदत हुकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

परदेशी जावयाचे असेल तर अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएच.डी.लाही लागू आहे. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठाचे मानवी हक्क केंद्र आणि ऑक्सफर्डची इंटरनेट संस्था ही ह्या विषयातील जाणती ठिकाणे. नेदरलँड्स, जर्मनी व उत्तर युरोपातील देशांत पीएच.डी.चा विद्यार्थी पुष्कळदा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो आणि जागेची जाहिरात नोकरीसारखीच निघते. जेथे जाल तेथे जा, पण क्षेत्रकार्य येथे करा, असा माझा आग्रह असतो.

खरी अडचण पैशांपेक्षा मार्गदर्शकाची आहे. विधी विभागातील प्राध्यापकाला यंत्राच्या आतले कळत नाही, आणि संगणक विभागातील प्राध्यापकाला कायदा म्हणजे स्वतःच्या कामातला अडथळा वाटतो. (मी पहिल्या वर्गातला, हे कबूल करतो. अल्गोरिदमला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.) आपल्या विद्यापीठाचे नियम परवानगी देत असतील, तर दुसऱ्या शाखेतील सहमार्गदर्शक पहिल्या वर्षातच मागून घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि पवईची आय.आय.टी. आहे. एका शहरात एवढे जवळ राहून ही दोन जगे एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. विद्यार्थ्याने दोन्ही दारे ठोठावली तर ती उघडतात, हा माझा अनुभव आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्याने निदान एवढे तरी शिकावे : ठसा ओळखणारे यंत्र 'हा तोच' असे कधीच सांगत नाही. ते साम्याचा एक आकडा काढते आणि तो ठरविलेल्या मर्यादेच्या वर गेला की होकार देते. मर्यादा चढी ठेवली तर तोतया अडतो, पण खराही अडण्याचा संभव वाढतो. उतरती ठेवली तर उलटे घडते. म्हणजे ही मर्यादा कोठे ठेवावयाची हा निर्णय तांत्रिक वाटला तरी तो कोणी त्रास सोसावयाचा ह्याचा निर्णय आहे. शंभरात एकाच वेळी यंत्र चुकते असे मानले, तरी एक लाख माणसांमागे ती संख्या एक हजार होते. आणि ती एक हजार माणसे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ती विड्या वळणारी, वीट थापणारी, भांडी घासणारी, वयाने थकलेली माणसे असतात. अभियंत्याला नव्व्याण्णव टक्के यश दिसते, आणि त्यात तो खोटे बोलत नाही. हक्काचा प्रश्न उरलेल्या एका टक्क्यात असतो.

माहिती मिळवावयाची कशी? माहितीचा अधिकार अधिनियम हे संशोधकाचे जुने शस्त्र. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधीच, २००२ मध्ये, आपला कायदा केला होता. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने त्यातील वैयक्तिक माहितीविषयीच्या कलमात बदल केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले तेव्हा तो बदल अमलात आला. आता वैयक्तिक माहिती नाकारणे अधिकाऱ्याला अधिक सोपे झाले आहे. गावातील लाभार्थ्यांची यादी ही त्यांची खाजगी बाब की सर्वांनी तपासण्याची बाब? खाजगीपणाचा हक्क आणि माहितीचा हक्क, दोन्ही नागरिकाचेच. त्यांची येथे टक्कर होते. ह्यावर येत्या काही वर्षांत जो कोणी नीट प्रबंध लिहील, तो न्यायालयात उद्धृत होईल असे मला वाटते.

त्याच अधिनियमात संशोधनासाठी सवलत आहे. गोळा केलेली माहिती विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरावयाची नाही आणि ठरविलेली मानके पाळावयाची, अशी तिची अट आहे. तेव्हा एक साधा नियम पाळा. कोणाचाही आधार क्रमांक वहीत उतरवू नका. शिधापत्रिकेचे छायाचित्र मोबाइलवर घेऊ नका, बाईने आपणहून पुढे केली तरी घेऊ नका. एका विद्यार्थ्याने खाजगीपणावरील प्रबंधासाठी दोनशे कुटुंबांची कागदपत्रे मोबाइलवर साठविली आणि तो मोबाइल बसमध्ये हरवला. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्या दोनशे कुटुंबांना कोणी कळविले काय, हे मी त्याला विचारले तेव्हा तो गप्प बसला.

प्रस्ताव घेऊन माझ्याकडे यावयाचे असेल, तर अवश्य या. तो दोन पानांहून मोठा नको. येण्यापूर्वी मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गावच्या किंवा वॉर्डातील रास्त भाव दुकानासमोर सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत बसा. किती माणसे आली, किती रिकामी पिशवी घेऊन परत गेली आणि जाताना त्यांना काय कारण सांगितले गेले, एवढे लिहून आणा. नावे नकोत. आत्या आता हयात नाही. तिच्या त्या दोन फुकट गेलेल्या खेपा मी माझ्या डायरीत लिहून ठेवल्या आहेत, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांची तेवढीच नोंद आहे.

प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. मागच्या बाकांपासून सुरुवात करू.